फुकटचा लखोटा

पोस्टमन आपल्या दारी अजूनही येतो. पण त्याच्या पिशवीत आता बँकांची पाकिटे, विम्याच्या नोटिसा आणि क्वचित एखादी लग्नपत्रिका असते. खुशालीचे पत्र त्या पिशवीतून केव्हाच उठून गेले आणि आपल्या हातातल्या फोनमध्ये जाऊन बसले. पुण्याच्या आजीबाई अमेरिकेतल्या नातवाचे रांगणे पाहतात, ठाण्याची सूनबाई अनारशाचे पीठ मुरले की नाही ते नाशिकच्या सासूबाईंना फोटो धाडून विचारते, आणि सोसायटीचे पाणी केव्हा जाणार हे सर्व बिऱ्हाडांना एकदमच कळते. तिकीट नाही, शिक्का नाही, खर्च नाही. व्हॉट्सॲपची ओळख करून देण्याची आता कोणालाच गरज नाही. मात्र रोजच्या वापरातली वस्तू आपण नीट पाहिलेली असतेच असे नाही.

यान कूम आणि ब्रायन ॲक्टन या दोघांनी २००९ साली कॅलिफोर्नियात हे ॲप काढले. दोघेही याहू कंपनीतले जुने नोकर. 'काय, कसं काय?' अशा अर्थाच्या 'व्हॉट्स अप' या इंग्रजी बोलीतल्या पृच्छेवर कोटी करून त्याचे नाव ठेवले गेले. कूम मूळचा युक्रेनचा. सोळाव्या वर्षी आईबरोबर अमेरिकेत आला. फोनवरचे बोलणे सरकार चोरून ऐकत असेल, या धास्तीच्या वातावरणात त्याचे बालपण गेले होते. २०१४ साली फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. २०१६ च्या आरंभी वर्षाकाठी एक डॉलरची वर्गणीही रद्द झाली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून प्रत्येक मेसेजला कुलूप लागले.

हे कुलूप मोठे चतुर आहे. पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच मजकुराचे अगम्य चिन्हांत रूपांतर होते आणि ती चिन्हे उलगडण्याची किल्ली फक्त घेणाऱ्याच्या फोनमध्ये असते. वाटेत खुद्द कंपनीलाही तो मजकूर वाचता येत नाही. पूर्वी लाखेची मोहोर केलेला लखोटा असे, तसाच हा. अर्थात लखोट्यावरचा पत्ता हरकाऱ्याला दिसतोच. कोण कोणाला, केव्हा आणि किती वेळा लिहितो, हे कंपनीला कळू शकते. शिवाय गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवलेल्या बॅकअपला हे कुलूप आपोआप लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन ते आपणच लावावे लागते.

चोर मात्र कुलूप फोडत बसत नाही. तो किल्लीच मागतो. 'चुकून तुमच्या फोनवर सहा आकडी कोड आला आहे, तेवढा कळवा,' असा मेसेज सख्ख्या भावाच्या नावाने आला तरी तो कोड सांगू नये. टू-स्टेप व्हेरिफिकेशन नावाची दुसरी कडी सेटिंग्जमध्ये आहे. ती स्वतः लावावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनलाही लावून द्यावी.

घराघरांतल्या रुसव्यांचे मूळ आहे ते खुणांत. एक राखाडी खूण म्हणजे पत्र निघाले, दोन म्हणजे पोचले, आणि दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे वाचले. ही निळाई २०१४ च्या नोव्हेंबरात आली आणि 'तुमचे पत्र मिळालेच नाही' ही सोयीची सबब मराठी संसारातून हद्दपार झाली. निळ्या खुणा बंद ठेवता येतात. पण मग दुसऱ्याच्याही आपल्याला दिसत नाहीत. हा न्याय मला रास्त वाटतो. लिहिलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो आणि सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांच्या फोनमधून पुसताही येतो. तरी पुसल्याची नोंद मागे उरतेच, आणि पुसलेल्या मजकुराला जे कुतूहल लाभते ते लिहिलेल्याला कधीच लाभत नाही!

या साऱ्या सोयींत सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत अवघड, सोय म्हणजे फॉरवर्ड. उचलला अंगठा, लावला काचेला! लखोटा बंद असल्यामुळे आतला मजकूर खरा की खोटा, हे वाटेत कोणी पाहत नाही. वर्तमानपत्राला संपादक असतो, पुस्तकाला प्रकाशक असतो. इथे पाठवणाऱ्यावाचून दुसरा पहारेकरी नाही. याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा फोनाफोनींतून पसरली होती, आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. तो मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मनात आप्तांच्या लेकरांची काळजीच असेल. पण काळजी खरी असली म्हणून बातमी खरी ठरत नाही.

त्याच महिन्यात कंपनीने भारतासाठी मर्यादा जाहीर केली, की आलेला मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल; जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. दोन बाणांची खूण असलेला मेसेज तर २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो. हे दोन बाण प्रत्येकाने ओळखून ठेवावेत. हा मजकूर मूळ लिहिणाऱ्यापासून निदान पाच हात फिरून आला आहे, असा त्यांचा अर्थ.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला हे बाण फार छळतात. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, व. पु. काळे २००१ साली. पण व्हॉट्सॲपवर दोघांचे लेखन अजून अखंड चालू आहे! त्यांच्या एकाही पुस्तकात न सापडणारी वाक्ये विद्यार्थी मला मोठ्या भक्तीने दाखवतात. 'पुस्तक कोणते?' असे विचारले, की उत्तर येते, 'सर, ग्रुपवर आलं होतं.' अफवा आणि हे लेखन यांची जात एकच. दोन्हींवर सही नसते. असली तर दुसऱ्याची असते.

पत्रलेखनाचा आपला जुना रिवाज मोठा शहाणा होता. वर गाव आणि तारीख, मग ज्याला लिहायचे त्याचे नाव आणि खाली आपली सही. कोणी, कोणाला, केव्हा, कोठून लिहिले, याचा जबाब त्या कागदातच असे. आलेला मेसेज पुढे धाडण्यापूर्वी हेच प्रश्न त्याला विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर तो तिथेच थांबवावा. या दिवाळीतही पणत्यांची तयार चित्रे शेकड्यांनी येतील. ती पुढे ढकलण्याऐवजी एखाद्या मावशीला, एखाद्या जुन्या शेजाऱ्याला नावाने हाक मारून स्वतःच्या दोन ओळी लिहाव्यात. लखोटा फुकट मिळतो; त्यात पत्र मात्र आपणच घालायचे असते.