गावाहून रुंद वादळ!

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, गव्हाच्या शेतांमध्ये वसलेलं ग्रीन्सबर्ग. तेव्हा वस्ती जेमतेम दीड हजार. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास तिथं टोर्नेडो घुसला आणि गावाचा ९५ टक्के भाग भुईसपाट झाला. त्या रात्रीच्या काही अचाट गोष्टी:

पळणार कुठं? वादळाची रुंदी सुमारे पावणेतीन किलोमीटर. अख्खं गाव त्याच्या पोटात मावलं!

आधी आडवं, मग उभं: मेक्सिकोच्या आखाताकडून दमट, उबदार हवा येते, पश्चिमेकडून कोरडी. वर जावं तसा वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत जाते, त्यामुळे मधली हवा लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढगात चढणारा गरम झोत हे लाटणं उभं करतो. मग अख्खा ढगच गरगरू लागतो. अशाच ढगांतून मोठे टोर्नेडो उतरतात.

आधी पडझड, मग आकडा: टोर्नेडोच्या वाटेत वेगमापक सापडला, तर बहुधा तोच उडून जातो! म्हणून काय पडलं, किती पडलं हे पाहून वेगाचा अंदाज बांधतात. ही पद्धत जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये आणली. तिची सुधारित श्रेणी फेब्रुवारी २००७ मध्ये लागू झाली आणि तीनच महिन्यांत ग्रीन्सबर्गनं तिच्यातला पहिला सर्वोच्च, पाचवा क्रमांक पटकावला. अंदाजे वेग ताशी ३३० किलोमीटर!

भोंग्यांची कमाल: साधारण वीस मिनिटं आधी भोंगे वाजले, लोक तळघरांत उतरले. अकरा जण दगावले. पण एवढ्या पडझडीतही शेकडोंचा जीव वाचला.

आकाशातला पाहुणा टिकला: गावात १८८७-८८ मध्ये हातानं खणलेली १०९ फूट खोल विहीर आहे. तिच्या संग्रहालयात साडेचारशे किलोची उल्का होती. संग्रहालय कोसळलं, उल्का मात्र ढिगाऱ्याखाली सापडली.

वाऱ्याकडूनच वसुली: गाव पुन्हा उभं राहिलं ते पर्यावरणपूरक होऊनच. चार हजार चौरस फुटांहून मोठी प्रत्येक नगरपालिका-इमारत हरित बांधकामाच्या ‘प्लॅटिनम’ दर्जाची हवी, असा ठराव झाला. गावाजवळ दहा पवनचक्क्या बसल्या, क्षमता साडेबारा मेगावॉट. अशा पवनचक्क्या साधारण ताशी ९० किलोमीटरच्या पुढं वारा गेला की स्वतःहून थांबतात. जास्त वारा म्हणजे जास्त वीज, हा हिशेब नेहमीच चालत नाही!