कर्जतहून घरी : रस्त्यावर हरवलेला माणूस घरी पोचतो कसा?

आज आपण कर्जतला जाणार आहोत. ट्रेकला नाही हं, आणि फार्महाऊसवरही नाही.

स्टेशनवर किंवा हायवेच्या कडेला जटा वाढलेला, स्वतःशीच बोलणारा माणूस आपण सगळ्यांनीच पाहिलाय. ‘वेडा आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. पण तो कुणाचा तरी बाबा असतो, ती कुणाची तरी आई असते. घरी मुलं वाट बघत असतात आणि आपलं माणूस जिवंत आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नसतं.

सुरुवात कुठून झाली?

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघंही मुंबईतले मानसोपचारतज्ज्ञ. एकदा त्यांना रस्त्यात एक तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या नर्सिंग होममध्ये नेलं. उपचारानंतर तो बोलू लागला, तेव्हा कळलं की तो आंध्र प्रदेशातला, चांगला शिकलेला मुलगा आहे. मग १९८८ मध्ये ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ सुरू झालं. २००६ पासून कर्जतजवळच्या वेणगावला संस्थेचं मोठं केंद्र आहे. २०१८ मध्ये डॉ. भरत यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोवर हजारो माणसं आपापल्या घरी पोचली होती.

नेमकं होतं काय?

आधी आंघोळ, केस कापणं, पोटभर जेवण. मग तपासणी आणि औषधं. यातल्या बऱ्याच जणांना स्किझोफ्रेनिया असतो. त्यात भास होतात, संशय बळावतो आणि माणूस घर सोडून निघून जातो. औषधं लागू पडली की हळूहळू आठवणी जुळतात. एखादं गाव, नदी, शाळेचं नाव सापडतं. मग त्यांची भाषा येणारा कार्यकर्ता सोबत रेल्वेने निघतो, थेट बिहार, बंगालपर्यंतसुद्धा.

घरी पोचलं की काम संपलं, असं मात्र नाही. औषधं थांबली की आजार उलटू शकतो. म्हणून गोळ्या का आणि किती दिवस घ्यायच्या, हे घरच्यांना समजावून सांगावं लागतं. नाहीतर ‘बाहेरची बाधा’ म्हणून पुन्हा मांत्रिकाकडे फेऱ्या सुरू होतात.

आपण काय करायचं?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम १०० लक्षात ठेवा. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला, तर त्याला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत डांबता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यावं लागतं आणि घरच्यांचा शोधही घ्यावा लागतो.

म्हणून व्हिडिओ काढून स्टेटसला टाकू नका. ११२ ला फोन करा, नेमकी जागा सांगा. आपल्याच घरात कुणाला त्रास होत असेल, तर टेली-मानसचा मोफत नंबर आहे १४४१६.

पुढच्या वेळी कर्जत लोकलमधून उतरलात आणि असं कुणी दिसलं, तर मनात एकच प्रश्न येऊ द्या : याच्या घरी कोण वाट बघत असेल?

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!