बुरूज कोणाच्या पापाने कोसळला?

प्रेसच्या यंत्राखाली बोटे गमावलेला तरुण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात शोधावा लागत नाही, तो भेटतो. अशा अपघातांमागे बहुधा अगदी ऐहिक कारणे असतात. उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी बंद ठेवलेला सेन्सर, सलग दुसरी पाळी, पुरेसे शिक्षण न देताच यंत्रावर उभा केलेला कंत्राटी मुलगा. परंतु हात बांधून तो घरी आला की आप्तेष्ट निराळीच कारणे शोधू लागतात. कोणाची नजर लागली, कोणी करणी केली, पूर्वजांचे काही राहून गेले. कामगार ख्रिस्ती असेल तर पुष्कळदा शब्द तेवढे बदलतात. करणीच्या जागी 'पिढीजात शाप' येतो, अंगाऱ्याच्या जागी प्रार्थना केलेल्या तेलाची बाटली येते, आणि गुण आला नाही तर 'विश्वास कमी पडला' हे उत्तर तयार असते. धर्म नवा, भीती मात्र जुनीच.

या समजुतीचे नुकसान केवळ आध्यात्मिक नाही. कामगार राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला कामावरील अपघाताने कायमचे अपंगत्व आले, तर त्याला दरमहा लाभ मिळू शकतो. योजनेबाहेर राहिलेल्याला मालकाकडे भरपाई मागण्याचा हक्क 1923 च्या कायद्यापासून आहे. मात्र त्यासाठी अपघाताची नोंद व्हावी लागते, मोहननगरच्या विमा रुग्णालयात खेटे घालावे लागतात, ठेकेदाराला जाब विचारण्याचे धैर्य लागते. जे स्वतःच्या किंवा बापाच्या पापाचे फळ म्हणून पदरात घेतले, त्याची भरपाई कोण मागणार? ठेकेदाराला याहून सोयीचे तत्त्वज्ञान मिळणे कठीण.

ही भीती इतकी सहज का पसरते, हेही पाहिले पाहिजे. येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेक नगर, जालना, सोलापूर अशा भागांतून पोटासाठी आलेली आहेत. गावी देऊळ होते, पाळक होते, दुखल्याखुपल्याला धावून येणारी मंडळी होती. येथे चिखली-मोशीकडे भाड्याची खोली आणि फिरती पाळी. त्यातच या औद्योगिक वसाहतींतील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. रविवारची उपासना चालू असते तेव्हा कामगार यंत्रापाशी उभा असतो. मंडळीत बसून वचन ऐकण्याची सवय तुटली की उरते ते मोबाइलवरचे कोणा दूरच्या वक्त्याचे दहा मिनिटांचे भाषण. त्यात एखादेच वचन असते, त्याचे आगचेमागचे काही नसते. देणगीसाठी खातेक्रमांक मात्र न चुकता असतो.

वास्तविक या प्रश्नावर बायबल मुके नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात यरुशलेमेतील एका दुर्घटनेचा उल्लेख येतो. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ही माणसे शहरातल्या इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू विचारतो आणि 'नाही' हे उत्तरही स्वतःच देतो. पश्चात्ताप करायला तो सांगतो, पण समोर ऐकत उभ्या असलेल्या जिवंत माणसांना. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध पाहा. पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात. येशू दोन्ही शक्यता फेटाळतो. ईयोबाच्या ग्रंथात तर दुःखाचे कारण पापात शोधणाऱ्या मित्रांची पांडित्यपूर्ण भाषणे पानोपानी आहेत, आणि अखेरीस देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवरच.

शापाचे प्रतिपादक निर्गमातील तिसऱ्या-चौथ्या पिढीचे वचन पुढे करतात. ते वचन आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु यहेज्केलाचा अठरावा अध्याय त्याच बायबलात आहे. बापाने खाल्लेल्या आंबट द्राक्षांनी मुलाचे दात आंबतात, अशा अर्थाची एक म्हण तेव्हा लोकांच्या तोंडी होती. संदेष्टा ती मोडीत काढतो आणि ज्याचे पाप त्याच्याच माथी हा न्याय लावून देतो. एक वचन सुटे काढून भीती घालता येते. पुढचे वाचले की तीच भीती पातळ होते.

अर्थात जुनी समजूत कोणी खोडून काढली म्हणून जात नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या 1900 मध्ये. मधल्या काळात लक्ष्मीबाई निष्ठेने सोवळेओवळे पाळत होत्या, आणि ते सुटले ते त्यांच्याच मनाशी विचार होऊन. याहून मोठे उदाहरण दौंडच्या वाटेवरील केडगावचे. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली पंडिता रमाबाईंच्या मुक्तीमध्ये राहत होत्या. 1905 साली तेथे धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली. रडणे, कापणे, तासन् तास प्रार्थना हे सारे झाले, आणि रमाबाईंनी ते दडपले नाही. पण याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अनेक वर्षे खपून, सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये त्या वारल्या. भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. विद्वानांची वाहवा मिळवण्यासाठी हा खटाटोप नव्हता. बेताच्या शिकलेल्या बाईला दुसऱ्या कोणी न सांगता अर्थ कळावा, एवढ्यासाठी होता. भावनेला पूर आला होता तेथेच कोश उघडून बसण्याची ही बुद्धी आजच्या किती प्रार्थनासभांत दिसते?

आजारपणाच्या बाबतीत हा प्रश्न जिवावर बेततो. येशूने रोगी बरे केले, ही ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे आणि ती सोडायला सांगण्याचे कारण नाही. पण बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यांना त्याने याजकाकडे पाठवले, आणि असे रोगी तपासून शुद्ध ठरवण्याचा अधिकार त्या काळी याजकाचाच होता. हिज्कीया राजाच्या गळवावर यशया अंजिरांचा लेप लावायला सांगतो. लूक तर वैद्यच. ज्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्या गावात क्षयाच्या रुग्णाला 'गोळ्या सोड, विश्वास धर' असे कोणी सांगावे, हा दैवदुर्विलास होय. क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडले की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो, आणि तेच निर्ढावलेले जंतू घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो सर्व धर्मांच्या भोंदूंना सारखाच लागू आहे. तथापि कायदा भोंदूला पकडू शकतो. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या 'माझ्याच वाट्याला हे का' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात तो शिरू शकत नाही. ते काम मंडळीचे. रविवार जमत नसेल तर गुरुवारी बसावे. एखाददुसऱ्या वचनावर न थांबता अध्याय सबंध वाचावा, आणि तोही पाळकांनी नव्हे, ज्याच्या घरावर संकट आले आहे त्याने मोठ्याने वाचावा. शंका काढणाऱ्याला अविश्वासू म्हणू नये. पौलाचे बोलणेसुद्धा शास्त्राशी ताडून पाहणाऱ्या बिरुयाच्या लोकांना प्रेषितांच्या कृत्यांत थोर म्हटले आहे. आणि विम्याचा अर्ज भरता येणारा एखादा कारकून मंडळीत असेलच, तर प्रार्थना संपल्यावर त्याने लगेच घरी जाऊ नये.

8 डिसेंबर 2023 रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रिया होरपळून गेल्या. कारखाना परवानगीविना चालला होता, हे नंतर उघड झाले. लूकचा तेरावा अध्याय तळवड्यातल्या एखाद्या खोलीत वाचला गेला, तर ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारील की बुरूज बांधला कोणी होता, आणि तो पाहायला कोणी आले होते की नाही. शिलोहाच्या बाबतीत शास्त्र याचे उत्तर देत नाही. तळवड्याच्या बाबतीत ते सरकारी कागदपत्रांत शोधता येण्यासारखे आहे.