बिनतारी पहारेकरी

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक मराठी वाचकाला अनोळखी नाही. देवलांनी त्याला संगीत रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही चोरी आपल्या घरचीच झाली आहे. हा गृहस्थ चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडायला बसतो तो एखाद्या शास्त्र्याच्या थाटात. भिंत ओली कुठे, विटा सैल कुठे, भोकाचा आकार कोणता शोभेल, ह्याचा विचार करतो. मोजपट्टी घरी राहिली म्हणून गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. आत माणूस जागा आहे का ते पाहण्यासाठी आधी एक बाहुला पुढे सरकवतो, आणि दार कुरकुरू नये म्हणून त्याच्यावर पाणी शिंपडतो. एवढी विद्या पणाला लावल्यावर दागिन्यांचा डबा त्याला मिळतो कसा? तर विदूषक मैत्रेय झोपेत बरळत तो स्वतःच त्याच्या हाती देतो!

घराच्या राखणीविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, त्यातले बरेचसे ह्या एका अंकात येऊन गेले आहे. कुरकुरणारे दार हा जगातला पहिला भोंगा. चोराने पहिल्यांदा बंद पाडला तोही तोच. आणि सारा बंदोबस्त करून शेवटी किल्ली आपणच देऊन बसणे, ही मैत्रेयाची सवय तर आजही घरोघर आहे.

दिवाळीत ह्या गोष्टीची आठवण होते, कारण ह्या दिवसांत पुण्यामुंबईची निम्मी घरे कुलूपबंद असतात आणि उरलेल्या घरांतली मंडळी गावाकडच्या घराच्या काळजीत असतात. हे गावाकडचे घर म्हणजे पुष्कळदा एका एकट्या म्हाताऱ्या माणसाचे घर. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात हट्टा हे गाव आहे. तिथे आमची आत्या राहते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. मुलगा पुण्यात, म्हणजे चारशेहून अधिक किलोमीटरांवर. घर जुन्या पद्धतीचे, पांढऱ्या मातीच्या दोन हात रुंद भिंतींचे, वर माळवद. प्रांत हळदीचा. माघ-फाल्गुनात काढणी झाली की शिजवलेली, वाळत घातलेली हळद अंगणात आणि आखाड्यावर पसरलेली असते. आमच्याकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात, कुस्तीचा नव्हे. सोने तिजोरीत ठेवता येते; हळद उन्हातच ठेवावी लागते.

मागच्या दिवाळीत आतेभावाने एक पेटी आणली. बाजारात पाच-सहा हजारांना अशी पेटी मिळते. तिच्यात एक मुख्य यंत्र, दारांना लावायच्या चुंबकपट्ट्या, हालचाल ओळखणारा एक डोळा, दोन लहान रिमोट आणि एक भोंगा. तारा ओढायच्या नाहीत, भिंती फोडायच्या नाहीत, मिस्त्री बोलवायचा नाही. एक स्क्रू-ड्रायव्हर, एक शिडी आणि एक दुपार पुरते. जुन्या मातीच्या घराला हा मोठाच दिलासा, कारण अशा भिंतीत खिळा ठोकायचा म्हटले तरी पोपडा उतरतो.

आत्या ओट्यावर बसून सारे पाहत होती. भोंगा एकदा वाजवून दाखवल्यावर तिने विचारले, “अरे, पण हे बोंबलायलं तर येणार कोण? तू काय पुण्याहून येणार?”

ह्या प्रश्नाला पेटीबरोबरच्या माहितीपुस्तकात उत्तर नव्हते. त्याकडे पुढे येऊ. आधी यंत्राचे पाहू.

बिनतारी घंटेचा पहिला गाजलेला प्रयोग आपल्याच देशात झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी विद्युल्लहरी भिंतींपार पाठवून पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा बार उडवला. त्याआधी अमेरिकेत तारांच्या घंटा आल्या होत्या. बोस्टनचा ऑगस्टस पोप ह्याने १८५३ साली दारा-खिडक्यांना जोडलेल्या विजेच्या घंटेचे पेटंट घेतले, आणि पुढे एडविन होम्सने तिचा धंदा केला. आपल्याकडे १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज ह्यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि मध्यमवर्गाची भिस्त पुढची कित्येक वर्षे कुलपावरच राहिली. मात्र घरबसल्या पाहण्याची आणि मदत मागण्याची कल्पना सुचली ती एका बाईला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही नर्स होती. नवरा-बायकोच्या कामाच्या वेळा अवेळच्या, वस्ती धोक्याची आणि पोलीस येणार सावकाश. तिने नवऱ्याच्या मदतीने १९६६ साली दारामागे फिरता कॅमेरा, आत टेलिव्हिजनचा पडदा, बोलण्याची सोय आणि धोक्याचे बटण अशी योजना आखून पेटंटसाठी अर्ज केला. १९६९ मध्ये ते मिळाले. हट्ट्याच्या आत्याचा प्रश्न आणि क्वीन्सच्या ह्या बाईचा प्रश्न एकच होता.

आता पेटीतल्या वस्तू. दाराच्या पट्टीचे काम सोपे आहे. एका भागात चुंबक, दुसऱ्यात काचेच्या नळीत बंद केलेली लोखंडाची दोन बारीक पाती. चुंबक जवळ असेतो पाती एकमेकांना चिकटलेली असतात. दार उघडले की सुटतात आणि यंत्राला निरोप जातो. दोन्हींमधले अंतर एका बोटाच्या जाडीपेक्षा कमी असावे. आता जुने सागवानी दार पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि त्याच्यावर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात, ज्या चुंबकाचा जोर खातात. तेव्हा पट्टी लोखंडापासून दूर, कोऱ्या लाकडावर लावावी. शिवाय ध्यानात ठेवावे की ही पट्टी दार उघडल्यावर बोलते. शर्विलकासारखा कोणी भिंतीतून किंवा माळवदाच्या झरोक्यातून उतरला, तर तिला पत्ताही लागत नाही.

म्हणून दुसरा पहारेकरी, हालचालीचा डोळा. हा मात्र फार गुणी आहे. तो स्वतः काहीच फेकत नाही. नुसता पाहतो, आणि तेही प्रकाश नव्हे तर ऊब. माणसाच्या अंगातून अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. त्याच्यापुढचे पांढरे प्लॅस्टिकचे भिंग नीट पाहिले तर त्यावर बारीक खाचा दिसतील. ही फ्रेनेलची युक्ती. फ्रान्समधल्या ह्या शास्त्रज्ञाने १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात असे खाचांचे भिंग बसवले, ते उजेड समुद्रात लांब फेकण्यासाठी. त्याचाच धाकटा वंशज आज आत्याच्या माजघरात उलटे काम करतो: खोलीभरची ऊब गोळा करून एका कणाएवढ्या स्फटिकावर आणतो. उबेचा ठिपका एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकला की त्याला कळते, कोणी चालले आहे. त्यामुळे तो अशा कोपऱ्यात, सात फुटांच्या सुमारास लावावा, की येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. सरळ त्याच्या रोखाने चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो. काचेपलीकडचे त्याला दिसतच नाही.

पुण्यामुंबईच्या लेखांत एक गोष्ट लिहिलेली आढळत नाही, ती मराठवाड्यात अनुभवास येते. हा डोळा ऊब ओळखतो म्हणजे खरे तर उबेतला फरक ओळखतो. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि जाड भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात. भिंत आणि माणूस ह्यांची ऊब जवळजवळ सारखी झाली की डोळा मंद होतो. काही चांगल्या बनावटीच्या डोळ्यांत उन्हाळ्यात आपोआप तीक्ष्ण होण्याची सोय असते. आमच्या भागात तरी चार पैसे जास्त देऊन तोच घ्यावा.

आणि मग पाल. वैशाखात एका रात्री दोन वाजता आत्याचा भोंगा वाजला. शेजारची माणसे काठ्या घेऊन धावत आली. घरात चिटपाखरू नव्हते. पाल तेवढी होती, ती त्या पांढऱ्या भिंगावर बसली होती. त्याच आठवड्यात हे आणखी दोनदा झाले. तिसऱ्या खेपेला एकच शेजारी आला, तोही जांभई देत. “लांडगा आला रे आला” ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. खरे पाहता ती भोंग्याच्या धंद्यातली सर्वांत मोठी अडचण सांगते. खोट्या हाकेची किंमत शेवटी खऱ्या हाकेला मोजावी लागते. उपाय सापडला तो आतेभावाला. डोळा ट्यूबलाइटच्या शेजारी होता. दिव्यापाशी किडे, किड्यांपाशी पाल, पालीपाशी भोंगा! डोळा अंधाऱ्या कोपऱ्यात नेला आणि पालीने पाठ सोडली. चूल, कूलर, उन्हाची तिरीप आणि सणाच्या दिवसांत समयांची रांग, ह्यांच्यासमोरही तो नसावा.

निरोप जातो तो रेडिओलहरींवरून. स्वस्त पेट्यांत बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरी असतात; त्यांची लांबी सुमारे दीड हात. वायफायच्या नेहमीच्या लहरी वीतभरही नसतात. लांब लहर जाड भिंतीतून बरी जाते, आखूड लहर त्यात विरते. म्हणून मातीच्या घरात वायफायचा कॅमेरा मागच्या खोलीत रुसतो, आणि दाराची पट्टी मात्र बोलत राहते. तरीही पेटीवर छापलेले ‘शंभर मीटर’ हे मोकळ्या माळावरचे आहेत. मुख्य यंत्र घराच्या मध्यावर, पण दारातून दिसणार नाही असे ठेवून प्रत्येक पट्टी उघडून-मिटून पाहावी, मगच स्क्रू आवळावेत.

विजेचे म्हणाल तर यंत्रात बॅटरी असते, ती काही तास तगते. पण वायफायचा राउटर वीज गेल्याबरोबर डोळे मिटतो, आणि मग कॅमेराही. त्याला लहानसा यूपीएस लागतोच. त्यापेक्षा ज्या यंत्रात सिमकार्ड बसते ते खेड्यात अधिक भरवशाचे. एकच पाहावे: पुष्कळ स्वस्त यंत्रे अजून टू-जीवर चालतात आणि जिओचे कार्ड त्यांत चालत नाही, कारण त्या कंपनीची टू-जी सेवाच नाही. शेतकऱ्यांना हे सारे नवे नाही म्हणा. विहिरीवरच्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर वसमत तालुक्यात कितीतरी जणांकडे आहे. वीज आली-गेली की त्यांचा फोन वाजतो. घराच्या भोंग्याचे तत्त्व ज्याला आत्याच्या शेजाऱ्याने दोन मिनिटांत ओळखले, ते समजावून घ्यायला आमच्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याला दोन तास लागले असते.

आता मैत्रेयाची झोप. कॅमेरा किंवा यंत्र विकत येते तेव्हा त्याचा संकेतशब्द बहुधा १२३४ असा असतो, आणि निम्म्या घरांत तो तसाच राहतो. हा दागिन्यांचा डबा उशाशी उघडा ठेवण्याचा प्रकार झाला. तो पहिल्या दिवशी बदलावा. सर्वांत स्वस्त रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवतात. तो हवेतून टिपून कोणी पुन्हा वाजवला तर यंत्र त्यालाच मालक समजते. दर वेळी संकेत बदलणारा रिमोट मागून घ्यावा. कॅमेऱ्यांविषयी सरकारही जागे झाले आहे: एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कसोट्या उतरणे केंद्राने सक्तीचे केले आहे.

पण आत्याने घरात कॅमेरा लावू दिला नाही. “मी जेवते कधी, झोपते कधी, ते तू तिथं बसून बघत बसणार व्हय?” असे तिने मुलाला विचारले. मला तिचे म्हणणे शंभर टक्के पटते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. तो आईबापांनाही आहे, हे मुले काळजीपोटी विसरतात. अखेर कॅमेरा बाहेर, अंगणाच्या फाटकाकडे तोंड करून बसला. घरात उरले ते एक बटण. रिमोटवरचे हे धोक्याचे बटण पहारा बंद असतानाही चालते. ते आत्याने काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातले आहे. चोरापेक्षा न्हाणीघरात पाय घसरण्याची भीती ह्या वयात अधिक असते, आणि पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू मला तरी हीच वाटते.

राहिला प्रश्न, येणार कोण? पूर्वी गावगाड्यात ह्याचे उत्तर ठरलेले होते. पाटील, जागल्या, रामोशी, वेशीवरचा महार. रात्रीची गस्त त्यांची, चोराचा माग काढणे त्यांचे. ज्यांनी सारे गाव राखले त्यांची स्वतःची घरे मात्र गावाने वेशीबाहेर ठेवली. ती व्यवस्था गेली ह्याचे दुःख करण्याचे कारण नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा नेमलेला माणूस झाला. पुढे मोबाइल आल्यावर नाशिक, पुणे ह्या जिल्ह्यांतल्या गावांत ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ चालू झाली. तिच्यात एका ठरावीक नंबरावर फोन केला की तोच आवाज एकाच वेळी गावातल्या नोंदलेल्या सर्व फोनवर ऐकू जातो. ११२ हा नंबर तर सगळीकडे आहेच.

यंत्रात पाच-सहा फोन नंबर घालता येतात आणि ते क्रमाने लागतात. आतेभाऊ पहिला नंबर आपला घालणार होता. मुलाचे मन तेच सांगणार. पण पुण्यात फोन वाजून तो तिथून शेजाऱ्याला फोन करील, तोवर जी मिनिटे जातील तीच खरी महत्त्वाची. म्हणून पहिला नंबर भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याचा घातला, दुसरा समोरच्या घरातल्या सुनेचा, तिसरा आखाड्यावरच्या गड्याचा. मुलगा चौथा आहे. त्याला ते अजून थोडे लागते.

पट्ट्यांचे सेल साधारण वर्षभर पुरतात, आणि सिमकार्डाचे पैसे भरले नाहीत तर यंत्र मुके होते. आत्याने दोन्ही कामांना धनत्रयोदशीचा दिवस नेमला आहे. त्या दिवशी नवे सेल घालायचे, वर्षाचे पैसे भरायचे आणि दुपारी चार वाजता, शेजाऱ्यांना आधी सांगून, भोंगा एकदा वाजवून पाहायचा. शेजारची पोरे त्याची फटाक्यांइतकीच वाट पाहतात.