उसाच्या फडातली झोप

राहुरीच्या पट्ट्यात ऊसतोड लागली, की आम्हाला एक घोर लागतो. आई-बाप फडात आणि तान्हं बांधावरच्या झोळीत निजलेलं. त्याच उसात, सावलीला, बिबट्याही दिवसाचा पडून असतो.

पिंजऱ्यातला प्राणी पाहून त्याची खरी झोप कळत नाही. झाडाला उलटा लटकणारा स्लॉथ पिंजऱ्यात सोळा तास झोपतो, म्हणून बिचारा आळशी ठरला! २००८ साली पनामाच्या रानात त्याच्या डोक्याला यंत्र लावून मोजलं, तर साडेनऊ तासच भरले.

आपल्याकडे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या चार व हिमाचलातल्या एका बिबट्याला जीपीएसचे पट्टे घातले. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. रात्री तासाला सरासरी ३३९ मीटर चाल, दिवसा फक्त ६०. दाट वस्तीतले तिघे रात्री घरांच्या पंचवीस मीटरांत येत, दिवसा क्वचितच.

म्हणजे कोयता चालतो, ती त्याची विसाव्याची वेळ. मादी तर पिलंही उसातच घालते. तेव्हा मुकादमांनो, फडात शिरण्याआधी मोठ्याने आवाज करू द्या, आणि बाळाची झोळी बांधावर एकटी न टांगता गाडीपाशी, माणसांत बांधायला लावा.