साखर वाढते, पण मूळ लोहात

मधुमेह म्हटला की गोड खाणे, सुटलेले पोट आणि घराण्यातला वारसा आठवतो. मोजक्या रुग्णांमध्ये मात्र साखर वाढण्यामागे शरीरात साठलेले लोह असते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. आहारातून रोज १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते आणि जवळपास तेवढेच झडणाऱ्या पेशींबरोबर निघून जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची वेगळी सोय शरीराकडे नाही. म्हणून आतड्यातल्या शोषणावरचे नियंत्रण बिघडले, की ते यकृत, हृदय आणि स्वादुपिंडात साचते. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींना त्यामुळे इजा होते आणि मधुमेह जडतो.

फ्रेंच वैद्य आर्मांद त्रुसो यांनी १८६५ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले. त्वचेच्या काळपट-तपकिरी छटेमुळे त्याला पुढे ‘कांस्य मधुमेह’ म्हटले गेले. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराचा जनुक १९९६ मध्ये सापडला. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळणारा हा दोष भारतात क्वचितच दिसतो.

आपल्याकडे लोहाचा भार जास्त दिसतो तो थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. ते उतरवणारी औषधे नियमित घेतली नाहीत, तर मधुमेहाचा धोका वाढतो. त्यांच्यात एचबीए१सी चाचणी फसवी ठरू शकते. त्यामुळे थेट रक्तातली साखर तपासणे अधिक भरवशाचे.

मधुमेहासोबत सततचा थकवा, बोटांच्या सांध्यांत दुखणे, त्वचेचा बदललेला रंग किंवा यकृताची तक्रार असेल, तर डॉक्टर फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या रक्तचाचण्या सांगतात. मात्र सूज किंवा फॅटी लिव्हरमुळेही फेरिटिन वाढते, म्हणून एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

आनुवंशिक विकारावर उपचार साधा आहे: ठरावीक काळाने रक्तदानासारखे रक्त काढणे. मधुमेह होण्याआधी तो सुरू झाला, तर स्वादुपिंड वाचू शकते. पेशी नष्ट झाल्यावर लोह उतरवूनही मधुमेह सहसा पूर्ण बरा होत नाही.

हे वाचून रक्तक्षयासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र कोणी बंद करू नयेत. आपल्याकडे लोहाची कमतरता हीच मोठी अडचण आहे. तपासणीविना, स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे गोळ्या घेणे तेवढे टाळावे.