शिकारीच्या बंदुका : कोणती ठेवावी, कोणती विकावी

भारतात शस्त्रपरवाना असलेल्या व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात. १९५९च्या शस्त्र अधिनियमात सुरुवातीला अशी मर्यादा नव्हती. १९८३च्या दुरुस्तीने ती तीनवर आणि डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने दोनवर आली. तिसरे शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक झाले. वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू आहे. त्यामुळे आजोबांची दुनळी, वडिलांची रायफल आणि स्वतः घेतलेली बंदूक एकाच परवान्यावर राहू शकत नाहीत. यांपैकी काय ठेवायचे, हे ठरवावेच लागते.

या बंदुका घरात आल्या तेव्हा शिकार कायदेशीर होती. मुंबई राज्याने १९५१मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला, तरी परवाना काढून शिकार करता येत असे. १९७२चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्याची १९९१ची दुरुस्ती यांनी हौशी शिकारीचा मार्ग बंद केला. आता बंदूक बाळगण्याची कारणे मुख्यतः तीनच उरतात : स्वसंरक्षण, पीकसंरक्षण आणि नेमबाजी. म्हणून निवडीची पहिली कसोटी म्हणजे आजचे काम.

ठाणे जिल्ह्यातील कल्याण, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत भातशेतीला रानडुकरांचा उपद्रव होतो. पीकसंरक्षणासाठी कायदा ठासणीच्या बंदुकीचा परवाना देतो आणि ती पुरेशी नसल्यास आत आटे नसलेल्या साध्या नळीच्या बंदुकीचाही विचार होतो. मात्र शस्त्रपरवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्यात तर शेताला लागून इमारती उभ्या राहिल्या आहेत. बाराबोअर या साध्या नळीच्या बंदुकीच्या छर्‍यांचा उपयुक्त पल्ला साधारण ३५ ते ४० मीटर असतो. .३१५ रायफलची गोळी मात्र किलोमीटरभराच्या पलीकडे जाऊन जीव घेऊ शकते. दाट वस्तीजवळ राहणाऱ्याने दोहोंतून एक निवडायची असेल, तर बाराबोअर राखणे शहाणपणाचे.

दुसरी कसोटी काडतुसांची. बाराबोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात तयार होतात आणि .३१५चा दारूगोळाही देशातच बनतो. सोळाबोअरची काडतुसे शोधावी लागतात, तर जुन्या विलायती रायफलींची जवळजवळ मिळतच नाहीत. ब्रिटिश सरकारने १९०७मध्ये भारतात .४५० बोअरवर बंदी घातली, तेव्हा इंग्रज कारागिरांनी .४६५ आणि .४७० बोअरच्या रायफली काढल्या. संस्थानिकांच्या शिकारखान्यांत त्यांना मोठा मान होता. आज त्यांची किंमत संग्राहकासाठी आहे. घरच्या गरजेच्या दृष्टीने अशी रायफल परवान्यावरची एक जागा अडवते.

तिसरी कसोटी बंदुकीच्या प्रकृतीची. ही तपासणी जाणत्या बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावी आणि आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. दुनळीच्या नळ्या सोडवून हुकाला अडकवतात आणि लाकडाने हलके टिचकतात. स्वच्छ, घंटेसारखा नाद आला तर दोन्ही नळ्यांचा सांधा शाबूत असतो आणि बद्द आवाज आला तर डाक सुटलेला असतो. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहतात. आतली प्रकाशाची वर्तुळे कुठे मोडली तर तिथे पोचा असतो आणि काळे ठिपके दिसले तर गंजाने खड्डे पाडलेले असतात. शेवटी पुढचे लाकूड काढून, नळ्या बंद करून हलवून पाहतात. खडखडल्या तर सांध्याची झीज झालेली असते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, नागमोडी नक्षीच्या जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांतून आजचे काडतूस उडवणे जिवावर बेतू शकते. अडीच इंची कोठीच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) बंदुकीत पावणेतीन इंची काडतूस घालणेही तितकेच घातक. कोकणपट्टीच्या दमट हवेत चामड्याच्या पेटीत ठेवलेली बंदूक ओल धरते. ती पुसून, तेल लावून कोरड्या, कुलूपबंद कपाटात ठेवावी.

विकायची ठरलेली बंदूक परस्पर कुणाला देता येत नाही. ती परवानाधारक विक्रेत्याकडे देता येते, किंवा त्या बोअरचा परवाना व परवान्यावर मोकळी जागा असलेल्या व्यक्तीला विकता येते. व्यक्तीला विकताना खरेदीदाराचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. टिटवाळा कल्याण-डोंबिवली महापालिकेत असले, तरी पोलिसांच्या दृष्टीने ते ठाणे ग्रामीणमध्ये, कल्याण तालुका पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. म्हणून परवान्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असते. कल्याण-डोंबिवली शहरांत ते ठाणे पोलीस आयुक्तांकडे जाते. विक्रीनंतर परवान्यावरची नोंद कमी करून घ्यावी.

वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर यांसारख्या नामांकित कारागिरांच्या दुनळ्यांना चांगली मागणी असते, कारण १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना बंदुकांची आयात जवळजवळ बंद झाली. अशी बंदूक ठेवायची असेल, तर ती पुढे सांभाळणारा वारस आधी पाहावा. शस्त्र नियम २०१६नुसार परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असल्यावर हयातीतच तिचा परवाना वारसाच्या नावे होण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाने परवान्याच्या अटी पूर्ण केलेल्या असाव्यात आणि त्याच्याकडे दोन शस्त्रांची मर्यादा ओलांडली जाऊ नये.

हे हयातीत झाले नाही तर मृत्यूनंतर बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी लागते. विनापरवाना ठेवल्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद होऊ शकते. जमा केलेले शस्त्र परवाना मिळवून परत घेण्याचा किंवा पात्र व्यक्तीला विकून पैसे घेण्याचा हक्क वारसाला असतो. ठरलेल्या मुदतीत यांपैकी काहीच केले नाही, तर ते शस्त्र सरकारजमा होते.